कुंकू लागलेला हप्ता

बेलीफ म्हणाला, "मावशी, स्टोव्ह बंद करा. दाराला सील लावायचंय."

पातेल्यात डाळ अर्धी शिजली होती. परातीत कणीक मळून ठेवली होती. जेवणाचे डबे झाकणं काढून ओळीने मांडले होते. मी म्हणाले, "डाळ तरी शिजू द्या."

"कोर्टाचा हुकूम हाय. डाळीचं त्यात काय लिव्हलेलं न्हाई."

त्याच्याबरोबर एक माणूस होता. तो उंबऱ्याबाहेर बसून मेणबत्तीवर लाख वितळवत होता. आमच्या गल्लीतली माणसं पलीकडच्या कट्ट्यावर येऊन उभी राहिली होती. काही तर भांग पाडून आली होती.

आमचे मालक भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात बँकेचं पासबुक होतं आणि ते एकेकाला उघडून दाखवत होते. "हे बघा, पैसे कापलेत. आमचा हप्ता गेलाय. मशीननं भरलाय."

बेलीफ म्हणाला, "शेठ, मग त्या मशीनला सांगा कोर्टात येऊन साक्ष द्यायला."

कट्ट्यावरचे हसले. मी फडक्याने पातेलं उचललं आणि बाहेर आणलं. कणकेची परात मालकांच्या हातात दिली. अंथरूण, स्टोव्ह आणि स्वयंपाकाची भांडी तेवढी बाहेर काढू दिली. मग बेलिफाने कडी घातली, कुलूप लावलं, त्यावर कापड गुंडाळलं आणि लाल लाख ओतून शिक्का मारला. तेव्हा मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बेलीफ शेवटी म्हणाला, "मावशी, मला शिव्या देऊन काय उपेग? मी पगारी माणूस." ते खरं होतं. पण शिव्या द्यायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

आता हे का झालं ते सांगते.

आमचा श्रीरामपुरात सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, गॅसची टाकी, हाताने फिरवायचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. उन्हाळ्यात एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनावर आणि बाजारच्या दिवशी आमचाच लेमन आणि आमचाच जिंजर खपायचा. मग नव्वदीत मोठ्या कंपन्यांचे रंगीत ट्रक यायला लागले. ते दुकानदाराला फ्रीज द्यायचे आणि बजावायचे, की यात दुसऱ्याची बाटली ठेवायची नाही. मालकांना वाटलं, आपणही पत्र्याच्या बुचाच्या बाटल्या भरू. यंत्र उधारीवर आलं. साखर उधार, बाटल्या उधार, अर्क उधार. मी म्हणाले, "अहो, आहे ते खपत नाही, हे कोण पिणार?" ते म्हणाले, "तुला धंद्यातलं काय कळतंय?" मी चौथी शिकलेली. मला धंद्यातलं कळत नव्हतं, पण रिकाम्या न होणाऱ्या बाटल्या दिसत होत्या. दोन उन्हाळ्यांत धंदा बसला.

मग वकिलाच्या सांगण्यावरून कोर्टात नादारीचा अर्ज केला. माझ्याकडे फेडायला नाही असं चारचौघांत हात वर करून सांगायचं, ती नादारी. कोर्टाने शेड आणि यंत्र विकायला लावलं आणि आलेले पैसे घेणेकऱ्यांना वाटले. जे देणं उरलं त्याची योजना ठरवून दिली. दर महिन्याला एक हप्ता, पाच वर्षं. तोवर राहतं घर आमच्याकडे. पण एक जरी हप्ता चुकला तर योजना रद्द आणि घराची विक्री. सगळ्या घेणेकऱ्यांनी कबूल केलं. साखरेच्या व्यापाऱ्याने सगळ्यात शेवटी सही केली. त्याच्या गोदामाची भिंत आमच्या घराला लागून होती आणि त्याला गोदाम वाढवायचं होतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

हप्ता कुठून यायचा? माझ्या हातून. मी डबे सुरू केले. नोकरीसाठी एकटी राहणारी माणसं गावात पुष्कळ होती. शाळेतले मास्तर होते, एसटीतले होते, बँकेतले होते. दोन पोळ्या, भाजी, डाळ, भात. मालक सायकलवरून डबे पोचवायचे. सोड्याचा कारखानदार दारोदार डबे देतोय म्हणून लोक गालात हसायचे. याच लोकांनी आमचा सोडा वर्षानुवर्षं उधारीवर प्यायला होता.

हप्ता नगरला द्यायचा होता. तिथे कोर्टाने एक वकील नेमला होता, त्याला रिसीव्हर म्हणत. सगळ्यांचे पैसे त्याच्याकडे जमा व्हायचे आणि तो ते घेणेकऱ्यांना वाटायचा. पहिले काही महिने मालक एसटीने नगरला गेले, रांगेत उभे राहिले आणि पावती घेऊन आले. येऊन जेवायचे नाहीत. रांगेत कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचं आणि विचारायचं, "शेठ, तुम्ही इथं कसे?" इथे कसे हे त्याला माहीत असायचं. माहीत असूनच विचारायचा.

मग आमच्या बँकेत कॉम्प्युटर आला. साहेबांनी मालकांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. दिवाळं निघाल्यापासून त्यांना कुणी केबिनमध्ये बसवलं नव्हतं. साहेब म्हणाले, "काका, आता नगरला हेलपाटे घालू नका. तुमचा हप्ता आपोआप जाईल."

आपोआप म्हणजे कसा ते मी नंतर समजून घेतलं. तारीख आली की मशीन आमच्या खात्यातून पैसे कापायचं. कुणाचे पैसे कुणाला द्यायचे ते सगळं एका फ्लॉपीवर उतरायचं. फ्लॉपी म्हणजे काळ्या, चौकोनी कव्हरातली एक पातळ चकती. मध्ये भोक, भोकाखाली एक लांबट खाच, आणि वर कागदाचं पाकीट. बँकेचा शिपाई ती पिशवीत घालून एसटीने नगरच्या मोठ्या शाखेत न्यायचा. तिथलं मशीन ती वाचायचं आणि पैसे रिसीव्हरच्या खात्यात टाकायचं. म्हणजे आधी एसटीने मालक जायचे, आता शिपाई जायचा. याला ते आपोआप म्हणत.

पण मालक खूश होते. मला म्हणाले, "अगं, मशीनला तोंड दाखवावं लागत नाही." तारखेच्या आधी पैसे खात्यात भरून यायचे, एवढंच आमचं काम. ते मी कधी चुकवलं नाही.

दिवाळी झाली आणि नोटीस आली. दसऱ्याच्या महिन्याचा हप्ता मिळाला नाही, खुलासा करा.

आम्ही दोघं बँकेत गेलो. मशीनवर बसायचा तो क्लार्क माझ्याकडेच डबा खायचा. कोकणातला पोरगा, मला काकू म्हणायचा, भाजीत ओलं खोबरं घाला म्हणून मागे लागायचा. त्याने बटणं दाबली आणि म्हणाला, "काकू, पैसे कापले गेलेत. हे बघा, पासबुकात छापूनही आलंय."

"मग नगरला पोचले का नाहीत?"

"पोचले असणार. कॉम्प्युटर चुकत नाही, काकू. चुकतात ती माणसं."

"तसं लिहून द्या."

साहेब केबिनमधून म्हणाले, "लिहून कशाला पाहिजे? छापलेलं आहे ना? हाताने लिहिलेल्यापेक्षा छापलेलं पक्कं."

मालकांना ते पटलं. पासबुक घेऊन ते नगरला रिसीव्हरकडे गेले. तो म्हणाला, "तुमच्याकडून कापलेले दिसतात. माझ्याकडे आलेले दिसत नाहीत. मी कोर्टाला काय सांगू?" परत बँकेत आले. साहेब म्हणाले, "आमच्याकडून गेलेत, त्यांनी शोधायला पाहिजे." एका ठिकाणी गेलेत, दुसऱ्या ठिकाणी आले नाहीत, आणि मध्ये काय झालं हे बघायला दोन्हीकडच्या एकाही खुर्चीतला माणूस उठला नाही. मी म्हणत होते, पुन्हा एकदा हप्ता भरून टाकू, मग भांडू. मालक म्हणाले, "एकदा भरलेला हप्ता पुन्हा भरायचा म्हणजे आपण चोर असं कबूल करायचं. छापून आलंय ना!" त्यांचा त्या छापलेल्या ओळीवर देवासारखा भरवसा होता.

तेवढ्यात साखरेच्या व्यापाऱ्याने कोर्टात अर्ज टाकला, हप्ता चुकलाय, योजना रद्द करा, घर ताब्यात घ्या. तारखेला मालक एकटेच गेले. वकील करायला पैसे नव्हते. पासबुक वर धरून उभे राहिले. रिसीव्हरने पैसे मिळाले नाहीत म्हणून सांगितलं. कोर्टाने पुढची तारीख दिली आणि तोवर घर रिसीव्हरच्या ताब्यात द्यायला सांगितलं. म्हणून तो बेलीफ आला.

दाराला सील लागलं आणि कट्ट्यावरची गर्दी पांगली. मी अर्धी शिजलेली डाळ उचलली आणि बँकेत गेले. मालक मागून म्हणत होते, "अगं, असं करू नको, लोक बघतायत." लोक सकाळपासून बघतच होते. मी पातेलं काउंटरवर त्या क्लार्कसमोर ठेवलं. थोडी डाळ त्याच्या कागदांवर सांडली.

"काकू, हे काय?"

"तुझा डबा. अर्धाच शिजलाय. उरलेला तुझ्या मशीनवर शिजवून घे."

साहेब बाहेर आले. "बाई, इथं तमाशा करायचा नाही."

"तमाशा अजून सुरू व्हायचाय, साहेब. माझ्या घराला लाख लागलीय. तुमचं मशीन चुकत नाही ना? मग ते कुलूप त्याच्याकडून उघडून द्या."

रांगेतला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "लई बेस बोलली बाई." साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मी बाकावर बसले आणि सांगितलं, नगरला फोन लावल्याशिवाय उठणार नाही. बँक बंद व्हायच्या वेळेला फोन लागला. तिकडून सांगितलं, माणूस पाठवा. साहेबांनी त्या क्लार्कला आमच्याबरोबर पाठवायचं कबूल केलं.

त्या रात्री आम्ही शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडे राहिलो. त्या शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या पडवीतली कोळशाची पोती बाजूला सारली आणि म्हणाल्या, "इथं स्टोव्ह मांडा. सकाळचे डबे चुकवू नका, गिऱ्हाईक तुटतं." माझ्याशी त्या दिवसात कामाचं बोलणारं तेवढं एकच माणूस भेटलं.

डबे करून, पोचवून मग आम्ही नगरची गाडी धरली. क्लार्क पुढच्या बाकावर बसला होता. सारखं वळून म्हणायचा, "काकू, सापडेल." मी खिडकीबाहेर बघत बसले.

नगरच्या शाखेत मशीनची खोली वेगळी होती. बाहेर चपला काढून आत जायचं, देवळासारखं. आत गारवा. तिथल्या साहेबांनी आमच्या शाखेचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "तुम्हीच ते होय?" त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक फ्लॉपी काढून समोर टाकली.

"मशीनला वाचताच येईना. तुमच्या शाखेला पत्र टाकलं, दुसरी करून पाठवा म्हणून. उत्तर नाही."

त्या काळ्या चकतीवर कुंकवाची पाच बोटं उठली होती. चार काठांवर आणि एक भोकाखाली, त्या लांबट खाचेतच. ओलं कुंकू आत उतरून वाळून बसलं होतं. त्यात तांदळाचा एक दाणाही चिकटला होता.

मला सगळं आठवलं. खंडेनवमीला मी स्वतः बँकेत डबा घेऊन गेले होते, कारण मालकांची सायकल पंक्चर होती. बँकेत पूजा चालली होती. तिजोरीला हार, तराजूला हार, शिक्के आणि टाइपरायटर पाटावर मांडलेले. नव्या मशीनला झेंडूची माळ. हा पोरगा अनामिका ओल्या कुंकवात बुडवून सगळ्यांना पाच पाच बोटं लावत होता. त्या पातळ चकत्याही त्याने मांडल्या होत्या. मी विचारलं होतं, "याला कशाला रे?" तो म्हणाला होता, "काकू, ही आमची शस्त्रं." सगळे हसले होते. माझा हप्ता तेव्हा त्या पाटावर होता. दसऱ्याची सुटी संपल्यावर शिपाई ती चकती तशीच पाकिटात घालून घेऊन गेला.

मी क्लार्कला विचारलं, "पत्र आलं होतं?"

त्याने खाली बघितलं. "आलं होतं. फाइलला लावलं. साहेब म्हणाले, बाकीचे विम्याचे आणि ठेवींचे हप्ते आहेत, पुढच्या महिन्यात जुळवून टाकू. कोणी तक्रार केली नव्हती, काकू, मग ते राहूनच गेलं."

"मी केली होती. तुझ्या तोंडावर केली होती. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"तुमचा हप्ता त्यातच होता हे लक्षात आलं नाही."

मालक त्या फ्लॉपीकडे बघत राहिले.

लोकांनी नंतर ही गोष्ट मला हसत हसत विचारली. अशी कशी पूजा केली म्हणे! मला पूजेचा राग नाही. पोळपाटाला मीही कुंकू लावते. पण पोळी लाटायच्या आधी ते पुसते. राग याचा आहे की यांना सगळं कळलेलं होतं, कागदावर कळलेलं होतं, आणि तरी आमच्या तोंडावर सांगत होते की मशीन चुकत नाही. आम्ही दिवाळखोर. हप्ता चुकवला असेल तर आम्हीच चुकवला असेल, हे त्यांनी मनातून धरूनच ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाचा एवढा पैसा अडकला असता तर त्याच संध्याकाळी शिपाई नवी चकती घेऊन पळाला असता.

मी फ्लॉपी उचलून माझ्या पिशवीत टाकली.

नगरचे साहेब उठले. "बाई, ती बँकेची मालमत्ता आहे."

"घर माझी मालमत्ता आहे. ते द्या, ही घ्या."

मी तशीच बाहेर निघाले आणि रस्त्यावर आल्यावर कळलं की चपला तिथेच राहिल्या. तो पोरगा त्या हातात घेऊन मागून पळत आला. मी घातल्या आणि त्याला म्हणाले, "तारखेला कोर्टात यायचं. आला नाहीस तर मी बँकेत येईन."

तो आला. एवढं त्याचं मानावं लागेल. कोर्टात व्यापाऱ्याचा वकील म्हणाला, कारण कुठलंही असो, हप्ता चुकला म्हणजे चुकला. न्यायाधीशांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"हे कुंकू कुणी लावलं?"

"मी, साहेब."

"का?"

"खंडेनवमी होती, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. व्यापारी हसला, त्याचा वकील हसला, दारातला पट्टेवाला तोंडावर हात धरून हसला. न्यायाधीशही हसू दाबत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, महिना झाला, मी दुसऱ्याच्या पडवीत भाकरी थापतेय. माझं घर उघडायचं सांगा, मग सगळे मिळून हसू." मालकांनी माझा पदर ओढला. मी बसले नाही.

न्यायाधीश गंभीर झाले. बँकेने पैसे त्याच दिवशी रिसीव्हरकडे भरावेत, चूक आपली म्हणून लेखी द्यावं, योजना पूर्वीसारखी चालू, घराचं सील काढावं, असा हुकूम झाला. हुकुमाची नक्कल मिळायला, ती बेलिफाकडे पोचायला आणखी दिवस गेले. बेलीफ तोच. लाख फोडताना म्हणाला, "मावशी, बरं झालं बघा." आत कोपऱ्यातल्या कांद्यांना कोंब फुटले होते आणि उंदरांनी पिठाचा डबा पाडला होता.

बँकेच्या साहेबांनी माफी मागितली नाही. घरी माणूस पाठवून विचारलं, पुन्हा आपोआप सुरू करायचं का? मला कळत होतं, मालकांना हो म्हणायचंय. पुन्हा नगरची रांग त्यांना नको होती. मी म्हणाले, "रांगेत मी उभी राहते." आणि दर महिन्याला डबे आटोपून मी एसटीने जायला लागले. मला कुणी विचारलं, इथं कशा, तर मी सांगायचे, दिवाळं निघालंय, ते फेडायला आलेय. पुन्हा दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही.

तो क्लार्क बदली होईपर्यंत माझ्याकडेच डबा खात होता. मी त्याच्या भाजीत खोबरं घालणं बंद केलं होतं.

मालकांनी मात्र कोर्टातल्या त्या दिवसानंतर सायकल काढली नाही. डबे पोचवायला मी एक बाई ठेवली. ते घरात बसायचे, कुणी दार वाजवलं की आतल्या खोलीत जायचे. पोस्टमन आला तरी जायचे. योजनेचं एक वर्ष उरलं असताना दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. डॉक्टरने हृदय म्हणून लिहिलं. मला वाटतं त्यांना त्या लाखेनेच मारलं, पण तसं कुठल्या कागदावर येत नाही.

शेवटचा हप्ता मी भरला. कोर्टाने नादारी संपल्याचं सांगितलं तेव्हा पुकारा त्यांच्या नावाचा झाला आणि उभी मी राहिले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दाराला सील लागलं तेव्हा त्या घरात आम्ही दोघंच होतो. त्यातले ते गेले, मी आहे.